थांबायची मिनिटं

दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरवलेले नसतात, तोवर आमच्या भूगावच्या सोसायटीच्या गेटापाशी एक टेम्पो येऊन उभा राहतो. मागचं फळकूट पाडलेलं, त्यावर नव्या इंद्रायणीची पोती, एका पोत्याचं तोंड उघडं. बायका मूठभर तांदूळ तळहातावर घेतात, फुंकर मारतात, एखादा दाणा दाताखाली धरतात आणि "नवा आहे, चिकट होईल" अशी कुरकुर करत पाच-पाच किलो घेऊन जातात. दोन दिवसांत जिन्यात सगळ्या मजल्यांवर एकच वास भरून राहतो. नव्या भाताचा वास गोडसर असतो, थोडा दुधाळ. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणतात, या वासानं मेलेली भूक जागी होते. माझं तसं काही होत नाही. वास येतो, हा नव्या भाताचा एवढं कळतं, आणि मी कुलूप उघडून आत जाते.

दुःख होत नाही, हे लोकांना समजावून सांगणं अवघड असतं. दुःखाला निदान चेहरा असतो, कोणी पाठीवर हात ठेवतं, चहा करतं. हे दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर ओठाचं होतं तसं आहे. ओठ जागेवर आहे, बोटाला लागतो, पण तो माझा आहे असं वाटत नाही. दोन वर्षं झाली, सुई उतरलेली नाही.

मी मूळची परभणीकडची. आमच्याकडे ज्वारी, कापूस, सोयाबीन. भात सणाला, नाहीतर आजाऱ्याला. जनावरांची डॉक्टर झाले, आणि घोटावड्याच्या बाजूला एका प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून मुळशीत आले. खोली घेतली तिथल्याच रिहे गावात, बबनकाका आणि सुमनकाकूंच्या घराला लागून त्यांनी नव्यानं बांधलेल्या तीन खोल्यांतली एक. दोन खोल्यांत हिंजवडीला जाणारी पोरं होती, ती शुक्रवारी गावाला पळायची. मी इथेच असायचे. त्यामुळे भाडेकरू असूनही मी हळूहळू त्यांच्या स्वयंपाकघरातली झाले. काकांचा मुलगा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. सून शीतल घोटावड्याच्याच एका कारखान्यात सुटे भाग तपासायला जायची. सकाळी आम्ही दोघी एकाच वडापच्या जीपमधून निघायचो, आणि दोघींच्या डब्यात एकाच तव्यावरची भाकरी असायची.

मी नक्की काय काम करते, हे आईला मी कधी सांगितलं नाही. "औषधांच्या कंपनीत," एवढंच. काकूंना मात्र सांगितलं होतं, कारण काकू विचारायच्या थांबत नाहीत.

"डुकरांस्नी औषध देतीस? आन डुकरं आजारी आसत्यात व्हय?"

"नाही काकू, चांगली धडधाकट असतात."

"मग?"

मग मी सांगितलं. माणसाचं हृदय अचानक बंद पडतं, तेव्हा डॉक्टर छाती दाबतात आणि एक औषध टोचतात. ते औषध शरीरात नेमकं काय करतं हे माणसावर बघता येत नाही, कारण तेव्हा माणूस मरत असतो आणि सगळे धावपळीत असतात. म्हणून डुकरावर बघायचं. डुकराचं हृदय माणसासारखं असतं. त्याला पूर्ण भूल द्यायची, नळी घालायची, मग विजेचा बारीक झटका देऊन हृदय थांबवायचं, आणि परत सुरू करायचा प्रयत्न करायचा. काकूंनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "सुरू झालं तर?"

"झालं तरी शेवटी कायमचं झोपवावंच लागतं."

"मग सुरू कशाला करायचं?"

मी हसले होते. तेव्हापासून गावात माझं नाव पडलं, डुकरांची डाक्टरीण. काका तर मुद्दाम चारचौघांत हाक मारायचे, "ओ डाक्टरीनबाई, आमची म्हस लंगडतीया, का तुमचं फकस्त डुकरावरच परेम हाय?"

खरं सांगायचं तर डुकरंही माझ्यावर प्रेम करायची. आणल्यावर आठवडाभर ती पिंजऱ्यात नुसती राहायची, माणसांची सवय व्हावी म्हणून. मी मारी बिस्किटं घेऊन गेले की ओलं नाक माझ्या तळहातात खुपसायची. कसायाला गाय धार्जिणी म्हणतात ती अशी. नाव ठेवायचं नाही असा आमचा नियम होता, कानाला बिल्ला आणि बिल्ल्यावर आकडा. पहिल्या दिवशी काम संपल्यावर मी तीनदा हात धुतले आणि डबा तसाच परत आणला. शीतलनं वडापमध्ये विचारलं, बरं नाही का. महिन्याभरात मी हात एकदाच धुवायला लागले आणि डबा पूर्ण संपवायला लागले. तो दिवस कोणता, ते आठवत नाही. अशा दिवसाची तारीख कोणी लिहून ठेवत नाही.

प्रयोगाच्या खोलीत कोणी बोलायचं नाही. टेबलावर जनावर उताणं, घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंनी उशा. पडद्यावर चार रेघा धावत असायच्या. एक हृदयाची, एक रक्तदाबाची, एक मानेतल्या धमनीतून मेंदूकडे किती रक्त चाललंय त्याची, आणि एक कवटीला बारीक भोक पाडून मेंदूच्या अगदी वरच्या सालीवर टेकवलेल्या तारेची, जी तिथल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्यांतला प्रवाह दाखवायची. विजेचा झटका दिला की हृदयाची रेघ थरथरायला लागे आणि दाबाची रेघ जिना उतरल्यासारखी खाली येई. तिथून पुढची वेळ मी धरायची.

हे माझं मुख्य काम. वेळ धरणं. झटका बसला की मी मोठ्यानं "शून्य" म्हणायचं आणि डावा हात वर करायचा, तळवा बाकीच्यांकडे. त्याचा अर्थ, आता कोणीही हात लावायचा नाही. कारण रस्त्यात माणूस पडतो तेव्हा लगेच कोणी पोचत नाही. लोक जमतात, पाणी मारतात, कांदा हुंगवतात, फोन शोधतात. ती मिनिटं प्रयोगात धरावीच लागतात, नाहीतर प्रयोग खोटा. आमच्या कागदांवर त्याला मोठं इंग्रजी नाव होतं, आम्ही आपसांत म्हणायचो थांबायची मिनिटं. मी घड्याळाकडे बघत उभी राहायचे. लातूरचा सचिन, जो पुढे छाती दाबणार असायचा, तो माझ्या समोर हात बांधून उभा राहायचा आणि पडद्यावरच्या घड्याळावरून "एक" म्हणायचा, मग "दोन". तो म्हणायचा, मी मान हलवायचे. मध्येच जनावर आचका द्यायचं. तोंड उघडून हवा ओढायचं, आत काहीच नसताना. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी पुढे झाले होते. मॅडमनी, म्हणजे आमच्या प्रयोगप्रमुखांनी, नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मी मागे सरले. नंतर आचका आला की मी पेन्सिलीनं त्याची वेळ लिहायचे.

मिनिटं संपली की हात खाली. मग सचिन दाबायला लागायचा, टकटक वाजणाऱ्या यंत्राच्या तालावर, दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. मग सुई. दोन सिरिंजा असायच्या, एकीत ॲड्रेनलिन, एकीत नुसतं मिठाचं पाणी, आणि कुठल्या जनावराला कुठली हे कपाटातल्या बंद पाकिटाला ठाऊक. पण पडदा काही लपवत नसतो. खरं औषध गेलं की मिनिटाभरात दाबाची रेघ उठायची. ते औषध हातापायांच्या, आतड्यांच्या रक्तवाहिन्या आवळतं आणि होतं नव्हतं ते रक्त हृदयाकडे ढकलतं. हृदयाला स्वतःचं रक्त मिळालं की ते पकड घेतं. ती पकड बघताना खोलीतले सगळे एक पाऊल पुढे यायचे. दगडालाही बरं वाटेल असं ते दृश्य असायचं.

फक्त ती शेवटची रेघ, मेंदूच्या सालीवरची, उठायची नाही. बऱ्याचदा ती आणखी खाली बसायची. औषध रक्तवाहिन्या आवळताना मेंदूच्या बारीक वाहिन्या वेगळ्या काढून ठेवत नाही. हृदय परत येतं, आणि ज्याच्यासाठी ते परत आणायचं तो मागेच कुठेतरी राहतो. असं दर वेळी होतं असं नाही, आणि औषध वाईट आहे असंही नाही. त्याच्याशिवाय कित्येक हृदयं परतच येत नाहीत. मॅडम म्हणायच्या, "आपण निवाडा करायला बसलेलो नाही, मोजायला बसलोय." मला ते वाक्य फार आवडायचं. आवडायचं म्हणजे, त्याच्या आड उभं राहता यायचं.

आता हे लिहिताना खिडकीतून समोर नव्या इमारतीची क्रेन दिसते आणि तिच्या पायाशी एक खाचर दिसतं, कोणीतरी अजून न विकलेलं. भात पिवळं झालंय, वाऱ्यानं एका बाजूला कललंय. आज-उद्या कापतील. भात पिकलं की थांबून चालत नाही, दाणा गळतो. हे मला काकांनीच शिकवलं.

त्या वर्षी रिह्यात कापणी एकदम आली. सकाळी धुकं ओढ्यापासून घरांपर्यंत चढलेलं असायचं, त्यातून विळ्यांचा करकर आवाज यायचा आणि माणसं दिसायची नाहीत. कापलेलं भात खाचरात पसरून दोन ऊनं दाखवायची, मग पेंढ्या बांधून खळ्यावर आणायच्या आणि लाकडी बाकावर आपटून झोडायच्या. गावात सावड असते. आज आमच्या खळ्यावर चार घरची माणसं, उद्या त्यांच्या खळ्यावर आम्ही. त्या रविवारी काकांची पाळी होती. मी खोलीत पुस्तक घेऊन पडले होते, तर काकू दारात.

"पोरी, भाईर ये. भात खातीस आन भाताला लाजतीस व्हय?"

मग मी गेले. शीतलनं मला पेंढी कशी धरायची ते दाखवलं. मनगट सैल ठेवायचं, नाहीतर संध्याकाळी सुजतं. झोडताना अंगावर कुसं उडतात, मानेत जातात, दिवसभर खाजतात. बाकावर पेंढी आपटली की दाणे पावसाच्या सरीसारखे ताडपत्रीवर पडतात. चार माणसांच्या चार पेंढ्या एकापाठोपाठ एक पडायला लागल्या की आपोआप ताल धरला जातो, कोणी मोजत नाही तरी. मला त्या तालात बरं वाटत होतं. ऊन वर आलं होतं, काकू कुणाच्या तरी लग्नातली जेवणावळ सांगत होत्या, काका खाचरातून डोक्यावर भारा घेऊन येत होते. त्या आठवणीत मी अजून जाऊ शकते. तिथवर सगळं माझं आहे.

काकांनी भारा खाली टाकला. "हा शेवटचा," असं काहीतरी म्हणाले, आणि भाऱ्यावरच बसले. मग कुशीवर कलंडले.

मी दोन पावलांवर होते. मी गुडघ्यावर बसले, त्यांना उताणं केलं, मानेला बोटं लावली. नाडी नव्हती. हे मला पक्कं आठवतं, बोटांखाली कुसं आणि घाम, आणि त्याखाली काही नाही. पुढे काय करायचं ते महाराष्ट्रात त्या क्षणी माझ्याइतकं फार कमी लोकांना माहीत असेल.

मी उभी राहिले. "शून्य" म्हणाले. डावा हात वर केला, तळवा लोकांकडे. आणि घड्याळ बघायला लागले.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी खोड तर मरणाच्याच कामातून लागलेली. मी घाबरले नव्हते, गोंधळले नव्हते, हेच तर सांगायचं आहे. मी शांत होते, कामावर असल्यासारखी. काकांनी आचका दिला. तोंड उघडलं, हनुवटी वर गेली. मी त्याची वेळ मनात टिपली. कोणीतरी रडायला लागलं होतं, कोणीतरी पाणी आणायला पळालं होतं, माझा हात वर होता आणि सगळे माझं ऐकत होते. मी वाट बघत होते, सचिननं "एक" म्हणायची.

कोणी "एक" म्हणालं नाही. तेव्हा मला कळलं, मी कुठे आहे ते.

किती वेळ गेला? मिनिट असेल. जास्तही असेल. मी घड्याळाकडे टक लावून बघत होते आणि काटा कुठून कुठे गेला ते मला सांगता येत नाही. माझ्या आख्ख्या नोकरीत तेवढी एकच वेळ मी नोंदवलेली नाही.

मग मी दाबलं. चांगलं दाबलं, हे मी जाणते. खोल, तालात, न थांबता. शेजारच्या एकाला शिकवत शिकवत, दोन मिनिटांनी त्याला बसवत, परत मी. रिह्याच्या अरुंद रस्त्यानं अँब्युलन्स यायला लागायचा तेवढा वेळ लागला. आत चढल्यावर त्यांनी सुई बाहेर काढली, आणि औषधाचं नाव वाचायची मला गरज नव्हती. त्यांच्या छोट्या पडद्यावर मी रेघ उठताना बघितली. काकांच्या हृदयानं पकड घेतली. अँब्युलन्समधला तरुण डॉक्टर "आले, आले" म्हणून ओरडला. मी ती शेवटची, मेंदूची रेघ शोधत होते. तिथे ती नसते.

दवाखान्यात मला सगळ्यांनी सांगितलं, तुम्ही होतात म्हणून वाचले. अठरा दिवसांनी काकांना घरी आणलं तेव्हा ते बसू शकत होते, धरलं तर चालू शकत होते, घास तोंडाशी नेला की खात होते. काकूंना ओळखत नव्हते. खळ्यावर ठेवलेल्या पोत्यांकडे बघून विचारायचे, "भात कुनाचं?" आपलंच म्हटलं की मान हलवायचे आणि थोड्या वेळानं परत विचारायचे, "भात कुनाचं?" रागानं नाही, कळवळून नाही, वाटेनं जाताना एखाद्याचं शेत बघून विचारावं तसं.

गावानं माझा सत्कार केला. ग्रामपंचायतीसमोर मंडप, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, शाल, श्रीफळ. सरपंच म्हणाले, डुकरांची डाक्टरीण म्हणून हसलो आम्ही, पण तिनं आमचा माणूस मृत्यूच्या दाढेतून ओढून आणला. काकूंनी मला कुंकू लावलं. काका पहिल्या रांगेत बसले होते, त्यांच्या मांडीवर टोपी. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांनीही वाजवल्या. तिथे, त्या क्षणी, बोलायला हवं होतं. माझं तोंड उघडलं नाही असंही नाही, उघडलं आणि मी "आभारी आहे" म्हणाले. शाल कपाटात ठेवली. नारळाची चटणी केली. दुसरं काय करणार?

दोन महिन्यांनी आमच्या प्रयोगाची पाकिटं उघडली. जे पडद्यावर दिसत होतं तेच कागदावर आलं. मॅडमनी पेढे आणले. मी एक खाल्ला. त्यानंतर पुढच्या प्रयोगासाठीही काही दिवस मी कामाला गेले, हात वर केला, शून्य म्हणाले, आणि सचिननं "एक" म्हटल्यावर दर वेळी इतका सुटल्यासारखा श्वास सोडला की त्यानं एकदा विचारलं, बरी आहेस ना. मग मी ती नोकरी सोडली. आता भूगावात राहते, दुसऱ्यांनी केलेल्या प्रयोगांचे अहवाल तपासते. त्यात एक रकाना असतो, थांबायच्या मिनिटांचा. आकडा आहे की नाही एवढं बघायचं आणि पुढे जायचं.

त्या मिनिटानं काय फरक पडला? मी हा हिशोब पुष्कळदा मांडलेला आहे, कारण तेच माझं शिक्षण आहे. अँब्युलन्स उशिरा आली. काकांचं वय होतं. औषध दिलं नसतं तर कदाचित हृदयच परतलं नसतं. औषध दिलं म्हणून कदाचित मेंदूचं रक्त आणखी आटलं. माझं मिनिट या सगळ्यात कुठेतरी मिसळलेलं आहे, दुधातल्या पाण्यासारखं, आणि ते वेगळं काढून दाखवता येत नाही. एका माणसावर प्रयोग होत नाही. दुसरे बबनकाका, ज्यांच्यापाशी मी लगेच बसले, असे कुठे नाहीत.

दर वर्षी काकू कोणाबरोबर तरी दहा किलो तांदूळ पाठवतात. काका पडले त्या वर्षीचा, मी भूगावात आल्यावर आलेला, मी खाल्ला. गेल्या वर्षीचाही खाल्ला. यंदा त्यांचा फोन आला, "नवं भात निगालंय. पाटवायला कुनी न्हाई. तूच ये की, काकास्नी बी बगशील." मी हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर ठरवलं की आता सांगायचं. पश्चात्ताप उसळून आला म्हणून नव्हे, उसळून काही येतच नाही. पण त्या तांदळाचा तिसरा डबा माझ्या ओट्यावर ठेवण्यापेक्षा सांगणं सोपं वाटलं.

गेल्या रविवारी गेले. काका ओसरीवर उन्हात बसले होते, दाढी नुकतीच केलेली, गालावर साबणाचा एक ठिपका राहिलेला. खळ्यावर आता मळणीयंत्र होतं, एका दिवसात सगळं उरकतं म्हणे. शीतलनं चहा आणून ठेवला, "बऱ्या हाय का तुमी," एवढं विचारलं आणि आत भांडी घासायला गेली. काकू सुपात तांदूळ घेऊन माझ्यासमोर बसल्या, खडे काढायला.

"काकू, मला एक सांगायचंय. काका पडले ना, तेव्हा मी लगेच दाबलं नाही. मी घड्याळ बघत उभी राहिले."

"ते बगितलं की मी," काकू म्हणाल्या. सूप हलत राहिलं. "हात वर करून हुबी हुतीस. मला वाटलं, डाक्टरीत तसंच आसतंय. आदी येळ बगायची, मग हात लावायचा."

"तसं नसतं. आमच्या डुकरांच्या कामात तसं असतं. मला तीच सवय लागली होती. मी विसरले, समोर कोण आहे ते."

सूप थांबलं.

"म्हंजी थांबायचं नव्हतं?"

"नव्हतं, काकू. अजिबात नव्हतं."

मी तयारी करून गेले होते. शिव्यांची, रडण्याची, चहाचा कप उचलून नेण्याची. कदाचित मला ते हवंच होतं, कारण निदान त्यानं काहीतरी टोचलं असतं. काकू माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या आपल्या उजव्या हाताकडे बघत होत्या, तांदळाची पांढरी भुकटी लागलेल्या.

"मग शीतल म्हनत हुती ते बरुबर हुतं," त्या म्हणाल्या.

"काय म्हणत होती?"

"त्येंच्या कारखान्यात शिकिवलं हुतं, बाहुलीच्या छातीवर. हे पडले तशी ती धावली. 'आत्या, दाबाया पायजे, आत्ता दाबाया पायजे.' मी तिचं मनगाट धरलं. म्हनलं, गप ऱ्हा, शिकलेली बाई हात वर करून हुबी हाय, तुला काय कळतंय. लई वढत हुती ती, पोरी. मी सोडलं न्हाई."

मला हे माहीत नव्हतं. कोणीतरी रडत होतं एवढंच मी ऐकलं होतं. ते रडणं नव्हतं.

"दोन सालं झाली," काकू म्हणाल्या, "ती माझ्याशी कामापुरतं बोलतीया. मी आपली गावभर सांगत बसले, सून कमावती झाली, आता सासूची काय गरज. आन तुला कुकू लावलं मी. तिच्यासमोर."

मी सांगून मोकळी व्हायला गेले होते. माझं काही हलकं झालं नाही, फक्त त्यातलं अर्धं त्या बाईच्या मांडीवरच्या सुपात जाऊन पडलं, जिनं दोन वर्षं निदान शांतपणे नवऱ्याला घास भरवला होता. मला काकूंचा हात धरावासा वाटला. मला भीती वाटली. साधी भीती, दोन वर्षांत पहिल्यांदा.

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. उठताना गुडघ्यावर हात रोवला. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्याच्या अलीकडेच थांबल्या.

"शीतल," त्यांनी हाक मारली. "शीतल, जरा भाईर ये, बाय."

आतला भांड्यांचा आवाज बंद झाला. शीतल ओले हात पदराला पुसत बाहेर आली. तिनं सासूच्या तोंडाकडे बघितलं, मग ओसरीवर बसलेल्या माझ्याकडे बघितलं.

"सांगितलं व्हय एकदाचं?" ती मला म्हणाली.